विद्युत् चुंबक व निरोधित तार

लोखंडी गाभ्याभोवती तारेचे वेटोळे गुंडाळून त्यातून विद्युत् प्रवाह सोडला असता गाभ्यास तात्पुरते चुंबकत्व येते. अशा प्रयुक्तीस विद्युत् चुंबक म्हणतात. तिच्या विकासात गाभ्याइतकेच महत्त्व तारेवरील निरोधक आवरणाला आहे.

विद्युत् प्रवाहाने चुंबकसूची विचलित होते, हा शोध डेन्मार्कमधील हॅन्स क्रिस्तीआन अर्स्टेड यांनी १८२० मध्ये प्रसिद्ध केला. त्यानंतर इंग्लंडमध्ये विल्यम स्टर्जन यांनी १८२५ मध्ये नालाकृती विद्युत् चुंबक प्रदर्शित केला. सु. २०० ग्रॅ. वजनाच्या या लोखंडी नालाने सु. ४ किग्रॅ. वजन उचलले. स्टर्जन यांनी निरोधक रोगण दिले होते ते लोखंडाला. तांब्याची तार मात्र उघडीच होती. उघड्या तारेचे वेढे एकमेकांस टेकल्यास प्रवाह जवळच्या मार्गाने जातो व वेढे निरुपयोगी ठरतात. त्यामुळे ते दूरदूर ठेवावे लागत आणि त्यांची संख्या मर्यादित राही.

अमेरिकेतील ऑल्बनी येथील शिक्षक जोसेफ हेन्री यांनी लोखंडाऐवजी तारेलाच रेशमी आवरण दिले. त्यामुळे वेढे परस्परांस चिकटून व थरांवर थर देऊन गुंडाळणे शक्य झाले. सु. ९·५ किग्रॅ. वजनाच्या नालावर त्यांनी प्रत्येकी ६० फूट लांबीची नऊ वेटोळी बसविली. लहानशा विद्युत् घटावर या चुंबकाने ६५० पौंड (सु. २९५ किग्रॅ.) वजन पेलले. १८३१ मध्ये येल महाविद्यालयासाठी तयार केलेल्या त्यांच्या चुंबकाने २,००० पौंडांहून (सु. ९०० किग्रॅ.) अधिक भार उचलला. अनेक घटांच्या घटमालेस लांब तारेचे एकच वेटोळे, तर एका घटास समांतर जोडलेली अनेक आखूड वेटोळी अधिक उपयुक्त ठरतात, असेही त्यांनी दाखविले. यांपैकी पहिली रचना पुढे दूरवर संदेश पाठविणाऱ्या तारायंत्रास उपकारक ठरली.

लंडन येथे मायकेल फॅराडे यांनी २९ ऑगस्ट १८३१ रोजी लोखंडी कड्यावर दोन स्वतंत्र वेटोळी गुंडाळून विद्युत् चुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. त्यांतील वेढे सुतळी व सुती कापड यांनी विलग केलेले होते. हे कडे आजच्या रोहित्राचे आद्य रूप होय. प्रवर्तकतेच्या एककास १८९३ मध्ये शिकागो येथील आंतरराष्ट्रीय विद्युत् परिषदेत ‘हेन्री’ हे नाव देण्यात आले.

विसाव्या शतकात रेशीम व सूत यांची जागा बहुतांशी एनॅमलच्या पातळ लेपाने घेतली. लेप जितका पातळ, तितके त्याच जागेत अधिक वेढे मावतात. परंतु तो तडकल्यास किंवा अतितापाने जळाल्यास वेढ्यांत मंडलसंक्षेप होतो. चलित्रे व रोहित्रे निकामी होण्याचे ते एक प्रमुख कारण आहे.