तळणीचे ग्रहण आणि दीर्घिकांच्या टकरी

मुंबईहून नागपूरला निघालेली गाडी अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा मागे टाकते आणि धामणगावच्या पुढे, पुलगावच्या अलीकडे, तळणी नावाचे एक लहानसे स्टेशन ओलांडते. अमरावती जिल्ह्याच्या या टोकाला जानेवारी १८९८ मध्ये, ऐन कापसाच्या हंगामात, वेगळाच माल उतरला : कॅमेरे, दुर्बिणी, लोलक आणि काचेच्या छायाचित्रण-पट्ट्या. २२ जानेवारीला, पौष अमावास्येच्या दुपारी, सूर्याचे खग्रास ग्रहण लागणार होते.

चंद्राची सावली कोकणात विजयदुर्गाच्या बाजूने किनाऱ्यावर येऊन सोलापूर जिल्ह्यातले जेऊर, मग वऱ्हाड, नागपूर आणि पुढे बक्सरकडे जाणार होती. या वाटेवर जगभरचे खगोलज्ञ जागा धरून बसले. विजयदुर्गावर सर नॉर्मन लॉकयर, जेऊरला अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल आणि पुण्याचे प्रा. नायगमवाला, पुलगावला न्यूऑल आणि कॅप्टन हिल्स. तळणी आली ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनच्या वाट्याला. मुंबईत प्लेग होता आणि वऱ्हाड १८९६-९७ च्या दुष्काळातून नुकतेच सावरत होते. कागदोपत्री हा मुलूख निजामाचा, कारभार मात्र १८५३ पासून इंग्रजांचा. पाहुण्यांना हवे असलेले मात्र इथे दोन्ही होते : रेल्वे आणि हिवाळ्यातले कोरडे, निरभ्र आकाश.

विजयदुर्गाचे नाव आज ‘हेलियमचे जन्मस्थान’ म्हणून घेतले जाते. प्रत्यक्षात लॉकयर यांना हेलियमची पिवळी रेषा १८६८ मध्ये इंग्लंडमध्येच दिसली होती. विजयदुर्गाला ते आले तीस वर्षांनी. तळणीचे नाव मात्र फारसे कुणी घेत नाही, पण तिथे त्या सुमारे दोन मिनिटांच्या अंधारात जे टिपले गेले ते अस्सल होते.

तळणीच्या तळावर वॉल्टर माँडर आणि ॲनी माँडर हे जोडपे होते. ॲनी केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गणित शिकलेल्या. ग्रिनिच वेधशाळेत त्यांनी महिना चार पौंडांवर गणिताचे काम केले. १८९५ मध्ये लग्न झाले आणि विवाहित स्त्रीला सरकारी नोकरीत जागा नसल्याने ते काम सुटले. तळणीत त्यांच्याकडे दीड इंची भिंगाचा एक छोटा कॅमेरा होता. सूर्याच्या प्रभामंडलातून बाहेर झेपावणारा एक किरण त्यांनी टिपला. त्याची लांबी भरली सुमारे साठ लाख मैल. तोवर एवढा लांब किरण कुणाच्याच छायाचित्रात आला नव्हता.

त्याच तळावर जॉन एव्हरशेड होते. पेशाने रसायनांची तपासणी करणारे, खगोलशास्त्रात हौशी, उपकरणे स्वतः बनवणारे. सूर्यबिंब झाकले गेल्यावर कडेला ज्या ज्वाला उरतात त्यांचा वर्णपट त्यांनी घेतला. हायड्रोजनच्या रेषा कोणत्या अंतराने येतात याचे सूत्र बाझेलचे शाळामास्तर योहान बाल्मर यांनी १८८५ मध्ये मांडले होते. जांभळ्याच्या पलीकडे त्या एकमेकींच्या जवळ जवळ येत ३६४.६ नॅनोमीटरपाशी संपतात. एव्हरशेड यांच्या पट्टीवर त्या मर्यादेच्या पुढेही प्रकाश होता : रेषा नव्हत्या, सलग पट्टा होता.

त्याचा अर्थ लागायला नील्स बोर यांचे १९१३ चे अणूचे चित्र यावे लागले. अणूपासून सुटलेला इलेक्ट्रॉन हायड्रोजनच्या दुसऱ्या पायरीवर पुन्हा पकडला जातो, तेव्हा हा सलग प्रकाश बाहेर पडतो. पकड वरच्या पायऱ्यांवर झाली, तर उतरताना इतर रेषा उमटतात. त्यातली ठळक रेषा ६५६ नॅनोमीटरची, लाल, हायड्रोजन-आल्फा. इलेक्ट्रॉन सुटायला मात्र जबर अतिनील मारा लागतो. दूरच्या दीर्घिकेत असा मारा प्रामुख्याने दोन ठिकाणांहून होतो : नुकत्याच जन्मलेल्या प्रचंड ताऱ्यांकडून आणि कृष्णविवराभोवती गरगरणाऱ्या तप्त चकतीकडून. म्हणूनच एखाद्या दीर्घिकेत वर्षाला किती तारे जन्मतात हे लाल रेषेच्या तेजावरून काढतात. आणि क्वेसारांच्या, म्हणजे अशा कृष्णविवरांमुळे तळपणाऱ्या दीर्घिकाकेंद्रांच्या, वर्णपटात अतिनील भागात जो छोटा उंचवटा दिसतो, त्यात तळणीच्या पट्ट्याचा मोठा वाटा असतो.

१८९८ मध्ये यातले फारसे काही ठाऊक नव्हते. आपल्या आकाशगंगेबाहेर दुसऱ्या दीर्घिका आहेत हे हबल यांनी १९२० च्या दशकात दाखवले. त्या एकमेकींत मिसळतात आणि ओढाताणीत लांब शेपट्या फुटतात, हे अलार आणि युरी टूम्रे या भावांनी १९७२ मध्ये संगणकावर मांडले. १९८३ मध्ये आयरास उपग्रहाने अवरक्त प्रकाशात आकाश पाहिले आणि एक लाख कोटी सूर्यांहून तेजस्वी, धुळीने झाकलेल्या दीर्घिका सापडल्या. त्यातल्या बहुतेक टकरीच्या भरात होत्या.

टकरीत तारे सहसा ताऱ्यांवर आदळत नाहीत. त्यांच्यातली अंतरे फार मोठी. आदळतात ते वायूचे ढग. त्यांचा फिरण्याचा जोर मोडतो आणि वायू केंद्राकडे घसरतो. वाटेत तो दाबला गेला की ताऱ्यांच्या जन्माला उधाण येते. वायूचा थोडा भाग केंद्रातल्या कृष्णविवरापर्यंत पोचतो. पोट भरू लागलेले कृष्णविवर मग झोत आणि वारे सोडून उरलेला वायू उधळू शकते, आणि ताऱ्यांचा जन्म मंदावतो. मिसळणाऱ्या दीर्घिकांत वायूच नसेल, तर यातले फारसे काही घडत नाही. टक्कर न होताही अनेक कृष्णविवरे सावकाश वाढतात. टक्कर हे एकमेव कारण नव्हे.

तळणीला आलेले एव्हरशेड १९०७ मध्ये कोडाईकॅनल वेधशाळेत आले, पुढे तिचे संचालक झाले आणि १९२३ मध्ये निवृत्त झाले. सौरडागांतल्या वायूच्या प्रवाहाला त्यांचे नाव मिळाले ते १९०९ च्या तिथल्या निरीक्षणांमुळे. याच वेधशाळेतून १९७१ मध्ये भारतीय खगोलभौतिकी संस्था उभी राहिली. २०२१ मध्ये त्या संस्थेच्या ज्योती यादव, मौसमी दास, सुधांशु बारवे आणि पॅरिसच्या फ्रान्स्वाज कोंब यांनी एनजीसी ७७३३ आणि ७७३४ ही दीर्घिकांची जोडी तपासली. भारताच्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहाची अतिनील चित्रे आणि हायड्रोजन-आल्फाची चित्रे त्यांच्या हाताशी होती. वर्णपटांवरून एका दीर्घिकेच्या भुजेतला तेजस्वी गोळा वेगळ्याच वेगाने जाताना आढळला. ती तिसरी दीर्घिका निघाली. तिन्हींच्या केंद्रात कृष्णविवरे वायू गिळत आहेत आणि ताणलेल्या शेपट्यांत नवे तारे जन्मत आहेत.

अशी कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरू लागली की अवकाशात अतिशय संथ गुरुत्वीय लहरी उठतात. एका लहरीला वर्षेच्या वर्षे लागतात. जुन्नर तालुक्यातल्या खोडदजवळच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांनी पल्सार ताऱ्यांच्या नियमित रेडिओ ठोक्यांत अशा लहरींमुळे पडू शकणारा फरक मोजला. युरोपातल्या दुर्बिणींच्या नोंदींशी ही मोजमापे जोडून जून २०२३ मध्ये शास्त्रज्ञांनी अशा लहरींच्या एकत्रित गुणगुणीचे पुरावे मांडले. ही गुणगुण बहुधा मिसळलेल्या दीर्घिकांतल्या जोडकृष्णविवरांची असावी. ती नेमकी कोणकोणत्या जोड्यांची, हे वेगळे काढण्याचे काम आता खोडदसह जगभरच्या दुर्बिणींवर सुरू आहे.