दप्तर कुणाच्या काखेत?

 

सध्या गटागटांत एक ठराव होतोय. सचिव ताईंना बँकेत, पंचायत समितीत, तहसील कचेरीत कागद घेऊन फिरावं लागतं, त्यासाठी गटाच्या पैशातून चामड्याचं एक चांगलं फोल्डर घ्यायचं. ठराव चांगला आहे. पण घ्यायचं कसलं आणि ते नेणार कोण, हे दोन प्रश्न प्रत्येक बैठकीत उरतातच. पहिल्या प्रश्नाचं उत्तर बाजारात मिळेल, दुसऱ्याचं मात्र इतिहासात शोधावं लागतं. म्हणून आज आपण दप्तराचा इतिहास पाहू आणि मग खरेदीचं बोलू.

सुरुवात शब्दापासूनच करू. शाळेत जाणाऱ्या पोराच्या पाठीवर असतं ते दप्तर, ग्रामपंचायतीच्या कपाटात असतं तेही दप्तर आणि साहेबाच्या टेबलावर फाईल अडकली की होते ती दप्तरदिरंगाई. हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. त्याच्याही मागे गेलं तर ग्रीक भाषेतला 'दिफ्थेरा' हा शब्द सापडतो. दिफ्थेरा म्हणजे कमावलेलं कातडं. कागद येण्याआधी त्या मुलखात लोक शेळ्यामेंढ्यांच्या कातड्यावर लिहीत. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी हेरोडोटस नावाच्या ग्रीक इतिहासकारानं तसं नोंदवून ठेवलंय. आपण बाळाला घटसर्पाची लस देतो, त्या रोगाचं डिप्थेरिया हे नावही याच शब्दावरून पडलं, कारण त्या रोगात घशात कातड्यासारखा पापुद्रा धरतो. म्हणजे आपण चामड्याचं फोल्डर घेतो, तेव्हा दप्तर या शब्दाला त्याच्या मूळ वस्तूकडेच परत नेतो.

दुसरा शब्द बजेट. आपल्या गटाचं बजेट, घराचं बजेट, सरकारचं बजेट. हा शब्द जुन्या फ्रेंच भाषेतल्या 'बुजेत'वरून आला. बुजेत म्हणजे चामड्याची छोटी थैली. हिशेबाचे कागद त्या थैलीतून काढायचे, म्हणून पुढे हिशेबालाच थैलीचं नाव पडलं. स्वतंत्र भारताचं पहिलं बजेट २६ नोव्हेंबर १९४७ रोजी अर्थमंत्री षण्मुखम चेट्टी यांनी मांडलं, तेही कागद चामड्याच्या बॅगेत घेऊनच आले होते. पुढे बहात्तरेक वर्षं ही रीत चालली. ५ जुलै २०१९ रोजी निर्मला सीतारामन यांनी ती बॅग बाजूला ठेवली आणि लाल कापडात बांधलेलं बहीखातं हातात घेऊन त्या संसदेत गेल्या.

ते लाल कापड पाहून कुणाला नवल वाटलं असेल, पण आपल्या महाराष्ट्रात कागद कापडातच बांधायची रीत होती. मोडी लिपीतले लांबट कागद घडी घालून, त्यांची पुडकी करून चौकोनी कापडात गाठ मारून ठेवत. त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. पुण्याच्या पेशवे दप्तरात असे हजारो रुमाल आहेत आणि आजही तिथले कागद रुमालांच्या हिशेबानं सांगतात. त्यातले निवडक कागद इतिहासकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत ४५ खंडांत छापून काढले.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण सांगायचं तर वाईजवळ कृष्णाकाठी मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे. नानांच्या कागदांचा मोठा साठा मेणवली दप्तर म्हणूनच ओळखला जातो. फडणवीस, चिटणीस, पोतनीस, पारसनीस, दफ्तरदार ही आडनावं आपण रोज ऐकतो. ही सगळी कागद लिहिणाऱ्यांची, राखणाऱ्यांची पदं होती. ज्याच्या ताब्यात दप्तर, त्याच्या पदाचं पुढे घराणं झालं. कागदाची ताकद एवढी मोठी होती.

गावात ही ताकद कुलकर्ण्याकडे असे. कोणाची जमीन किती, सारा किती भरला, बाकी किती राहिली, हे त्याच्या दप्तरात. शेतकऱ्याला वाचता येत नसे, त्यामुळे दप्तरात जे लिहिलं ते खरं. जोतीराव फुल्यांचं घराणं मूळचं आपल्या सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचं. त्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यात अक्षरशून्य शेतकरी कागदाच्या जोरावर कसा नाडला जातो, हे त्यांनी उलगडून दाखवलं. ही वतनदारी कायद्यानं संपायला १९५० साल उजाडलं. पुढे तिथं तलाठी आला आणि आज सातबारा ऑनलाईन निघतो.

आता त्या काळातल्या चामड्याकडे वळू, कारण गावगाडा चामड्यावरच चालत होता. विहिरीवरची मोट चामड्याची, पाण्याची पखाल चामड्याची, तेलाचे बुधले चामड्याचे. बैलाच्या वाद्या, असूड, पायातल्या वहाणा, वाजवायची हलगी, सगळ्याला कातडं लागे. ढोर समाजातले कारागीर कातडं कमवत. चुन्यात भिजवून केस काढायचे, कातडं पिशवीसारखं शिवून टांगायचं, त्यात बाभळीच्या सालीचं आणि हिरड्याचं पाणी भरायचं आणि ते दिवसेंदिवस मुरू द्यायचं. मग चर्मकार समाजातले कारागीर ते कापत, शिवत. यात घरच्या बायांचे हातही सारखेच राबत. वेणी घालणं, टाके घालणं हे काम आजही अनेक घरांत बायाच करतात.

एवढ्या कष्टानं ज्यांनी गावाला मोट दिली, वहाण दिली, त्यांना गावानं दप्तराजवळ फिरकू दिलं नाही. कातड्याला हात लावणारा विटाळाचा आणि त्याच्या पोराला शाळा बंद. शाळा मिळाली तरी अंतर ठेवूनच. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या राजवाड्यातल्या शाळेत भीमराव आंबेडकर नावाच्या मुलाचं नाव दाखल झालं. वर्गात त्याला वेगळं, गोणपाटावर बसावं लागे. ते गोणपाट शाळेचा शिपाईसुद्धा उचलत नसे, म्हणून पोरानं रोज घरून आणायचं आणि संध्याकाळी परत न्यायचं. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलंय. पुढे त्याच विद्यार्थ्यानं देशाच्या घटनेच्या मसुदा समितीचं अध्यक्षपद सांभाळलं. ७ नोव्हेंबर हा दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात.

दप्तरापासून लांब ठेवलेला दुसरा वर्ग म्हणजे आपण बाया. बाईनं लिहिलं तर संसाराचं वाटोळं होतं, असं उघड बोललं जायचं. त्या काळात, ३ जानेवारी १८३१ रोजी, आपल्याच खंडाळा तालुक्यात नायगावला सावित्रीबाई जन्मल्या. लग्नानंतर त्या लिहाय-वाचायला शिकल्या, १८४८ पासून मुलींना शिकवू लागल्या, १८५४ साली त्यांचं कवितांचं पुस्तक छापून आलं. १८५६ साली आजारपणात माहेरी नायगावला असताना त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिलं, ते आजही वाचायला मिळतं. लोणंदहून नायगाव काही लांब नाही. तिथं गेलात तर हे पत्र मनात घेऊन जा.

सावित्रीबाईंनंतरही कागदावर बाईचं नाव चढायला फार वेळ लागला. १९९२ साली महाराष्ट्र सरकारनं लक्ष्मीमुक्ती योजना आणली. नवऱ्यानं अर्ज केला तर सातबाऱ्यावर त्याच्या सोबत बायकोचं नाव लागू लागलं. १९९४ साली राज्यानं कायदा बदलून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला, २००५ साली तो देशभर लागू झाला. १९९२ सालीच नाबार्डनं बचत गट बँकेला जोडायचा प्रयोग सुरू केला. आपली सभेची वही, ठराव, पासबुक हे बँकेला चालणारे कागद झाले ते तिथपासून.

माण तालुक्यात म्हसवडच्या बायांनी स्वतःची बँक काढायचं ठरवलं, तेव्हा रिझर्व्ह बँकेनं अर्ज परत पाठवला. कागदावर सह्यांऐवजी अंगठे होते. त्या बायांनी हार मानली नाही. लिहायला-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि सांगितलं की आमच्याशी व्याजाचा हिशेब तोंडी करून बघा. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

एवढा इतिहास सांगितला, कारण आपण घेतोय ती पिशवी साधी नाही. तिच्यात गटाचं नाव, आपल्या सह्या आणि आपली पत असते. आता ती निवडायची कशी ते पाहू.

आधी माप. सातबारा, ठराव, अर्ज हे एफोर कागदावर असतात, तो साधारण २१ बाय ३० सेंटिमीटर. पण लीगल कागद त्याहून लांब, साडेपस्तीस सेंटिमीटर. बॉण्ड पेपर आणि करारनामे लांबच असतात. दुकानातलं फोल्डर एफोरचं असेल तर त्यांना घडी पडते आणि घडीवरच कागद आधी फाटतो. म्हणून आतून २५ बाय ३७ सेंटिमीटर तरी जागा हवी. जाताना सगळ्यात मोठा कागद आणि सभेची वही बरोबर घेऊन जा, आत घालून बघा, मगच पैसे द्या.

मग चामडं. फोल्डरच्या आतली, न झाकलेली कड बघा. खऱ्या चामड्याच्या कडेला बारीक तंतू दिसतात. मागं कापडाची वीण दिसली तर ते रेक्झिन. चुरा चिकटवून केलेलं चामडंही विकतात, ते दिसायला झकास, पण वाकतं तिथं वर्ष-दोन वर्षांत त्याचे पापुद्रे सुटतात. हिरडा-बाभळीत कमावलेल्या साध्या चामड्यावर पाण्याचा थेंब टाकला तर तो हळूहळू मुरतो आणि तेवढा भाग गडद होतो. ते वापरून मऊ होतं, टिकतं, मात्र पावसाला जपावं लागतं.

मग शिलाई आणि बंद. कोपऱ्यात आणि पट्ट्याच्या मुळाशी दुहेरी टाके हवेत, कारण सगळा भार तिथंच येतो. तीन बाजूंनी चेन असेल तर एसटीच्या गर्दीत कागद निसटत नाहीत. चेन दहादा उघडझाक करून बघा. खांद्याला अडकवायचा पट्टा असावा. एका हातात पोर आणि एका हातात पिशवी असताना फोल्डर काखेत किती वेळ धरणार? आत पासबुकासाठी छोटा कप्पा आणि पेनाला जागा असली की झालं. बाकी नक्षीचे पैसे द्यायची गरज नाही.

पाऊस हा कागदाचा मोठा वैरी. आषाढात माउलींची पालखी आपल्या लोणंदला मुक्कामाला येते, तेव्हा वारकरी मावश्या पोथी कशी बांधतात ते बघा. आधी प्लास्टिक, मग कापड, मग पडशी. तेच आपणही करायचं. आमच्या भागातल्या एका गटाची वही सचिव ताईंचे मालक साध्या कॅरीबॅगेत मोटरसायकलला अडकवून नेत होते. वाटेत पाऊस लागला, ठरावावरची शाई पसरली, सह्या वाचता येईनात आणि कर्जाचं प्रकरण महिनाभर पुढे गेलं. त्या महिन्यात दोघींची खताची गरज सावकाराकडून भागवावी लागली. फोल्डर भिजलंच तर सुक्या फडक्यानं पुसा आणि सावलीत वाळवा. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवलं तर चामडं तडकतं. तेलाचा हात फिरवायचा तर बाहेरून आणि अगदी थोडा, आत तेल लागलं तर कागद डागाळतो. कागदांना टाचणी लावू नका, गंज धरतो. पावसाळ्यात फोल्डर बंद पेटीत कोंडू नका, बुरशी येते.

आणि एक पक्कं लक्षात ठेवा. मूळ खरेदीखत, मूळ करार रोज फिरवायचे नाहीत. फिरत्या फोल्डरमध्ये झेरॉक्स, मूळ कागद घरी पेटीत. पहिल्या कप्प्यात एक यादी लावा, कोणता कागद आत आहे, कोणता कुणाला दिला, कोणत्या तारखेला.

शक्य असेल तर हे फोल्डर आपल्या भागातल्या चर्मकार कारागिराकडून माप देऊन शिवून घ्या. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली जीआय मानांकन मिळालं, त्यात कोल्हापूर, सांगली, सोलापूर यांच्यासोबत आपला सातारा जिल्हाही आहे. म्हणजे हा हात, ही कला आपल्याकडे आहे. ज्यांना कधी दप्तराला शिवू दिलं नाही, त्यांच्या हातचं दप्तर आपण वापरू आणि बिघडलं तर दुरुस्तीही गावातच होईल. एखाद्या मावशींना चामडं चालत नसेल, देवळात न्यायची अडचण वाटत असेल, तर जाड कॅनव्हासचं घ्या. रुमालाची रीतही आपलीच आहे.

राहिला दुसरा प्रश्न, ते नेणार कोण. ठरावात फोल्डरची किंमत लिहाल, तशी आणखी एक ओळ लिहा: हे दप्तर गटाच्या सभासद बाईच्याच ताब्यात राहील, सचिव ताईंना अडचण असेल त्या दिवशी दुसरी सभासद ते नेईल. घरच्या माणसांनी गाडीवरून सोडलं तर आनंदच आहे. पण कचेरीच्या पायऱ्या चढताना दप्तर आपल्या खांद्यावर असावं आणि साहेबांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आपण द्यावं.

पुढच्या बैठकीत एवढी ओळ लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या आणि तो ठराव नव्या दप्तरात पहिला ठेवा.