गावची ओढ की परवडण्याचा हिशेब?

"रिटायर झालो की गावी जाणार." लालबाग-परळच्या चाळींत हे वाक्य पिढ्यान् पिढ्या ऐकू आलं. आपण त्याला गावची ओढ म्हणतो. ओढ होतीच, पण मला त्यामागे आधी हिशेब दिसतो.

1850 च्या दशकात मुंबईत कापड गिरण्या निघाल्या. रत्नागिरी, सातारा, पुणे जिल्ह्यांतून माणसं येत राहिली, त्यात कितीतरी पुरुष एकटेच. एका खोलीत दाटीवाटीनं राहायचं, पाळीपाळीनं झोपायचं, खानावळीत जेवायचं आणि उरलेल्या पैशांची गावी मनीऑर्डर करायची. बायको-पोरं, आईबाप गावाकडे. म्हणजे कामगाराचं बालपण आणि म्हातारपण गावानं सांभाळलं. गिरणीमालकानं पगार दिला तो फक्त मधल्या, अंगात बळ असलेल्या वर्षांचा! प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा आला 1952 मध्ये, ग्रॅच्युइटीचा 1972 मध्ये. त्याआधी हातपाय थकलेल्या माणसाला मुंबई परवडणार कशी? गावी निदान घरभाडं नव्हतं आणि थोडंफार भात-नाचणी घरचं होतं.

1947 च्या भाडे नियंत्रण कायद्यानं हे गणित थोडं बदललं. भाडी गोठली, कुटुंबं चाळीत स्थिरावली, काही म्हातारे इथंच राहिले. मग 18 जानेवारी 1982 चा संप आला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, बरेच परत गिरणीत गेलेच नाहीत. पुढे गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहिले. कुणी खोली विकून विरार-डोंबिवली गाठली, कुणी गाव. पुनर्विकासात फ्लॅट मिळालेल्यांपुढे आता मेंटेनन्सचा आकडा आहे.

आज गावी परतणंही पूर्वीसारखं सोपं नाही. कसणारी पोरं शहरात, जमीन पडीक, तांदूळ दुकानातून. भाडं वाचतं, पण मोठं दुखणं निघालं की पुन्हा परळच्या केईएमची वाट. आणि ईपीएस-95 ची किमान पेन्शन 2014 पासून महिना 1000 रुपये. एवढ्यात औषधं आणायची की मुंबईचं तिकीट काढायचं?

म्हणून "म्हातारपणी शांत गावात राहावं" असा सल्ला देणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. आधी पेन्शन वाढवा, तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर द्या. मग कुठं राहायचं ते त्यांचं ते ठरवतील. आजवर ते त्यांच्या खिशानंच ठरवलंय.