एका आकड्याचं भांडण: अंबरनाथचा शिलालेख आणि ‘युक्तिवाद कमकुवत करा’

जीआरई, जीमॅट किंवा विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षांमध्ये एक प्रश्नप्रकार हमखास भेटतो. एक छोटा परिच्छेद असतो, त्यात कुणीतरी काहीतरी सिद्ध केलेलं असतं, आणि खाली विचारलेलं असतं: पुढीलपैकी कोणतं विधान हा युक्तिवाद सर्वांत जास्त कमकुवत करतं? नेटच्या पहिल्या पेपरातही तर्कशास्त्राचा अख्खा घटक आहे, आणि पीएच.डी. प्रवेशासाठी आता नेटचे गुणही धरले जातात. त्यामुळे संशोधनाकडे वळणाऱ्यांची या प्रकारातून सुटका नाही.

विज्ञान शाखेच्या मुलांना हा प्रकार सहसा भाषेचा वाटतो, म्हणून ते क्लासच्या युक्त्या पाठ करतात. खरं तर हा संशोधनाचाच प्रश्न आहे. त्यासाठी मी आज पुस्तकातलं उदाहरण घेणार नाही. मध्य रेल्वेने अंबरनाथला उतरा, पूर्वेला वालधुनीच्या काठी जा. तिथे जुनं शिवमंदिर आहे. त्याच्या वयाचा वाद म्हणजे या प्रश्नप्रकाराचा नमुनाच आहे.

आधी गोष्ट

मंदिराच्या उत्तर दाराच्या वरच्या दगडावर एक संस्कृत लेख कोरलेला आहे. एकोणिसाव्या शतकात तो वाचला डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. भाऊ दाजी ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर. दवाखाना सांभाळून त्यांनी अजिंठ्यासह कितीतरी ठिकाणच्या लेखांवर काम केलं. अंबरनाथच्या लेखातलं वर्ष त्यांनी वाचलं शके ७८२. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे इ.स. ८६०. लेखात शिलाहार राजा मम्वाणि याचं नाव आहे. आपण त्याला मम्मुणी म्हणून ओळखतो. लेखात छित्तराजदेवाच्या ‘भवना’चाही उल्लेख आहे.

आता हे परीक्षेच्या भाषेत मांडू. (ही मांडणी माझी आहे, कुणाच्या लेखातून उचललेली नाही.)

*युक्तिवाद: अंबरनाथच्या लेखातलं वर्ष एका जाणकार अभ्यासकाने शके ७८२ असं वाचलं आहे. त्या लेखात मम्वाणि राजाचं नाव आहे. म्हणून मम्वाणि इ.स. ८६०च्या सुमारास उत्तर कोकणावर राज्य करत होता.*

पुढीलपैकी कोणतं विधान हा युक्तिवाद सर्वांत जास्त कमकुवत करतं?

१. हे मंदिर पांडवांनी एका रात्रीत बांधलं, अशी परिसरात समजूत आहे.
२. मंदिराच्या शिखराचा वरचा भाग आज शाबूत नाही.
३. कान्हेरीच्या लेण्यांमधल्या शके ७७५ आणि शके ७९९च्या लेखांत उत्तर कोकणचा शिलाहार राजा म्हणून कपर्दीचं नाव आहे.
४. लेख वाचणारे अभ्यासक पेशाने डॉक्टर होते.

पुढे वाचण्याआधी उत्तर ठरवा.

पर्याय का पडतात

पहिला पर्याय वेगळा निष्कर्ष सांगतो, पण त्याच्यामागे पुरावा देत नाही. समोर दुसरी गोष्ट उभी केली म्हणजे पहिली कमकुवत होत नाही. असा पर्याय घाईत असलेल्या विद्यार्थ्याला हमखास फसवतो, कारण तो ‘विरोधात’ असल्यासारखा दिसतो.

दुसरा पर्याय खरा आहे, पण विषयाशी त्याचा संबंध नाही. शिखर पडलं म्हणून राजा बदलत नाही. ‘विधान खरं आहे का’ एवढंच तपासणारी मुलं इथे अडकतात. प्रश्न असतो, ते खरं मानलं तर युक्तिवादाला काही फरक पडतो का?

चौथा पर्याय माणसावर जातो. डॉक्टरने लेख वाचला म्हणून तो चुकीचा ठरत नाही, आणि संस्कृतच्या प्राध्यापकाने वाचला म्हणून बरोबरही ठरत नाही. सेमिनारमध्ये ‘हे त्यांचं क्षेत्र नाही’ असं कुणी म्हणतं तेव्हा हाच पर्याय निवडलेला असतो.

उरला तिसरा. हा पर्याय मम्वाणिबद्दल एक शब्दही बोलत नाही, अंबरनाथचं नावही घेत नाही. पण शके ७७५ला कपर्दी आहे आणि शके ७९९लाही कपर्दीच आहे, तर मधल्या ७८२मध्ये त्याच प्रदेशात मम्वाणि कुठून आला? युक्तिवादाला इथे धक्का बसतो.

धक्का नेमका कुठे बसला

या युक्तिवादाची दिलेली माहिती खोटी नव्हती. अभ्यासकाने ७८२ वाचलं, हे खरंच. लेखात मम्वाणि आहे, हेही खरं. मग दुखलं काय? या दोन्हींच्या आणि निष्कर्षाच्या मध्ये एक न बोललेलं वाक्य होतं: *जो आकडा वाचला गेला, तोच आकडा कोरलेला आहे.* तिसऱ्या पर्यायाने हे वाक्य संशयास्पद केलं.

‘कमकुवत करा’ प्रकाराचं सगळं सार यातच आहे. दिलेली माहिती आणि निष्कर्ष यांच्यामध्ये एक पूल असतो. लिहिणाऱ्याने तो गृहीत धरलेला असतो, म्हणून तो परिच्छेदात दिसत नाही. योग्य पर्याय त्या पुलावर पडतो. पूल शोधायची सोपी रीत: ‘म्हणून’ या शब्दापाशी थांबा आणि स्वतःला विचारा, ‘अलीकडचं सगळं खरं असूनही पलीकडचं खोटं कसं असू शकेल?’ जे उत्तर सुचेल, त्याच्या जवळ जाणारा पर्याय शोधा.

आणखी एक गोष्ट. तिसऱ्या पर्यायाने ८६० हे वर्ष *खोटं ठरवलं* नाही. एखादा म्हणेल, मध्ये काही वर्षं दुसरं कुणी राज्य केलं असेल, किंवा घराण्याची दुसरी पाती असेल. चालेल. कमकुवत करणं म्हणजे पाडणं नव्हे. आधी जितका विश्वास होता तितका आता राहिला नाही, एवढं पुरे. ‘हा पर्याय पूर्ण खंडन करत नाही’ म्हणून बरोबर उत्तर खोडणारे विद्यार्थी मी दरवर्षी बघतो.

परीक्षा संपते तिथे संशोधन सुरू होतं

परीक्षेत तिसऱ्यावर खूण केली की काम झालं. संशोधकाला पुन्हा दगडापाशी जावं लागतं.

ते काम केलं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी. मूळचे जुनागढचे भगवानलाल अनेक वर्षं भाऊ दाजींकडेच कामाला होते, त्यांच्यासाठी देशभर हिंडून लेखांच्या प्रती आणत होते. विद्यापीठाची पदवी नसलेल्या या माणसाला पुढे लायडन विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. अंबरनाथच्या लेखातला पहिला आकडा ७ नसून ९ आहे, असं त्यांनी दाखवलं. शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०.

आता नवं वाचन इतर पुराव्यांशी जुळतं का बघा. भांडुपला सापडलेल्या ताम्रपटात छित्तराजाचं वर्ष शके ९४८ आहे. खारेपाटणच्या ताम्रपटात अनंतदेवाचं वर्ष शके १०१६ आहे. छित्तराज, नागार्जुन आणि मम्मुणी हे तिघे सख्खे भाऊ, एकामागून एक गादीवर आले, आणि अनंतदेव त्यांच्या पुढच्या पिढीतला. म्हणजे मम्मुणीला ९४८ आणि १०१६ यांच्या दरम्यान कुठेतरी बसायला हवं. ९८२ तर या दोन आकड्यांच्या बरोबर मध्यावर येतो. प्रयोगशाळेत एका उपकरणाचं वाचन दुसऱ्या, स्वतंत्र उपकरणाने पडताळतो, तसंच हे. भांडुप आणि खारेपाटणचे ताम्रपट अंबरनाथच्या दगडाला ओळखतही नाहीत, म्हणून त्यांची साक्ष मोलाची.

दोनशे वर्षांनी एवढं काय बिघडतं, असं वाटेल. अंबरनाथचं मंदिर भूमिज शैलीचं आहे. याच शैलीचं मध्य प्रदेशातलं उदयपूरचं उदयेश्वर मंदिर परमार राजा उदयादित्याचं, अकराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं. अंबरनाथ ८६०चं धरलं तर ही शैली कोकणात आधी आणि माळव्यात दोनशे वर्षांनी, असं म्हणावं लागतं. १०६० धरलं तर दोन्ही एकाच काळातली ठरतात. एका आकड्याने एका कलेच्या प्रवासाची दिशा उलटी झाली असती, आणि त्यावर पुढे कितीतरी प्रबंध उभे राहिले असते.

दुसरा पूल

आकडा सुधारला, पण काम संपलं नाही. आज सर्रास म्हटलं जातं, ‘लेख शके ९८२चा आहे, म्हणून मंदिर इ.स. १०६०मध्ये बांधलं.’ इथला ‘म्हणून’ बघा. न बोललेलं वाक्य असं: *लेख कोरला तेव्हाच मंदिर बांधलं.* त्याच लेखात मम्मुणीच्या थोरल्या भावाचं, छित्तराजाचं नाव आहे, हे कळलं की हा पूल हलतो. म्हणूनच काम छित्तराजाने सुरू केलं आणि मम्मुणीच्या काळात पूर्ण झालं, असं मत मांडलं गेलं. ‘भवन’ म्हणजे हेच मंदिर की दुसरी वास्तू, यावरही मतभेद आहेत. थोडक्यात, १०६० हे मंदिराचं जन्मवर्ष म्हणण्यापेक्षा लेखाचं वर्ष म्हणणं जास्त सुरक्षित.

हाच पूल शेजारच्या स्टेशनावरही सापडतो. ८ ऑगस्ट १९४९ला गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगरची कोनशिला बसली. कुणी म्हणालं, ‘कोनशिला १९४९ची, म्हणून त्याआधी इथे वस्ती नव्हती’, तर कमकुवत करणारं विधान तुम्हाला लगेच सुचायला हवं: इथे दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी होती, आणि फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबं कोनशिलेच्या आधीपासून तिच्या बराकींमध्ये राहत होती.

बदलापूरचं मी तुमच्यावर सोडतो. ‘शिवाजी महाराजांच्या सैन्याचे घोडे इथे बदलले जात, म्हणून गावाचं नाव बदलापूर’ असं लोक सांगतात. इथला पूल कोणता? आणि कसला कागद सापडला तर तो कमकुवत होईल?

नेटवाल्यांसाठी

अभ्यासक्रमात हेत्वाभास आहेत. नावं पाठ करण्याऐवजी ही उदाहरणं लावून बघा. ‘लेखात ७८२ आहे’ हा हेतूच सिद्ध झालेला नव्हता: असिद्ध. कान्हेरीच्या लेखांनी उलट निष्कर्षाकडे नेणारा दुसरा हेतू समोर ठेवला: सत्प्रतिपक्ष. कोनशिला असते तिथे वस्ती नंतरच येते असं नाही, कधी ती आधीच असते: सव्यभिचार. आपल्याकडच्या नैयायिकांनी पूल तपासायची ही यादी फार पूर्वीच करून ठेवली आहे.

शेवटी एक सवय सांगतो. शोधनिबंध वाचताना प्रत्येक महत्त्वाच्या ‘म्हणून’पाशी समासात पेन्सिलने न बोललेलं वाक्य लिहा. स्वतःच्या प्रकरणाच्या मसुद्यावर तर नक्कीच लिहा. गाईडचा निबंध असेल तरी लिहा. भगवानलालांनी ज्यांच्याकडे काम शिकलं, त्यांचंच वाचन दुरुस्त केलं, आणि त्याने भाऊ दाजींचं मोठेपण कमी झालं नाही. त्यांनी लेख वाचून लोकांसमोर ठेवला होता, म्हणून तर तो दुरुस्त करता आला.