पोवाडा (कोल्हापूर)

रणप्रसंग आणि वीरांचा पराक्रम खड्या आवाजात सांगणारा मराठी गायनप्रकार. अज्ञानदासाचा अफजलखानवधावरील पोवाडा (वध : १६५९) उपलब्ध पोवाड्यांत सर्वांत जुना मानतात, तुळशीदासाने सिंहगडची लढाई गायिली. शाहिराच्या हाती डफ, साथीला तुणतुणे, झांज आणि ध्रुवपद झेलणारे झीलकरी. खरी कसोटी दमाची : लांब ओळी एका श्वासात फेकायच्या, मध्येच गद्यात प्रसंग उभा करायचा, की पुन्हा ‘जी जी रं जी’वर उसळी. असे रणगान इतरत्रही आहे : स्वीडनचा सॅबॅटन (स्थापना १९९९) हा हेवी मेटल बँड प्रामुख्याने युद्धेतिहास गातो. त्याचा आवेश शाहिरी ऐकलेल्या कानांना परका वाटत नाही. कोल्हापुरात विसाव्या शतकात शाहीर पिराजीराव सरनाईक यांनी पोवाड्याची परंपरा गाजवली.