तिसरीचा वर्ग, रात्री आठ वाजता

स्मरणिकेसाठी विषय वाटून घेतले तेव्हा कुणी शिक्षकांवर लिहायचे ठरवले, कुणी क्रीडास्पर्धांवर, कुणी स्नेहसंमेलनांवर. मी माझा विषय सांगितला तेव्हा एक वर्गमित्र म्हणाला, "अरे, धर्मग्रामातला मोठ्यांचा धर्मवर्ग आणि आपली शाळा, यांचा काय संबंध?"

संबंध बाकांचा आहे. आपल्यापैकी जे चर्चच्या बाजूच्या जुन्या कौलारू इमारतीत शिकले त्यांना आठवत असेल, की गुरुवारी सकाळी तिसरीच्या वर्गातले बाक विस्कटलेले सापडायचे. मोठ्या माणसांचे गुडघे त्या बाकांत मावत नसत, म्हणून रात्री येणारी मंडळी ते मागे सरकवीत. फळ्याच्या कोपऱ्यात खडूने लिहिलेले एखादे वाक्य पुसायचे राहिलेले असे. आम्ही पोरे ते मोठ्याने वाचायचो आणि हसायचो. आपले आईबाप, आजी, शेजारचा केळीवाला मामा रात्री आपल्याच बाकांवर बसून धडे गिरवतात याची आम्हाला गंमत वाटे. ते तिथे का येत होते, हे कळायला मला बरीच वर्षे लागली.

मोठ्या माणसांना धर्म शिकवायचा ही कल्पना आपल्याकडे नवी नव्हती. उलट सुरुवात तिथूनच झाली होती. सोळाव्या शतकात गोव्यात आणि आपल्या वसईत जे ख्रिस्ती झाले त्यांत जाणती माणसे खूप होती, आणि त्यांना शिकवण्यासाठी रविवारी दुपारी चर्चमध्ये प्रश्नोत्तरांचा वर्ग भरे. इंग्लंडहून १५७९ साली गोव्यात आलेले जेज्वीट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांनी आपल्या 'ख्रिस्तपुराणा'च्या आरंभी अशाच एका वर्गाची हकीकत दिली आहे. ही साष्टी गोव्यातली, आपली ठाण्याकडची नव्हे. तिथला एक नवख्रिस्ती ब्राह्मण वर्गात उठून विचारतो, की तुम्ही सांगता ती शिकवण चांगली आहे, पण आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत. मग त्यांच्या जागी आम्हाला वाचायला दुसरे पुराण का देत नाही? या प्रश्नाचे उत्तर म्हणून स्टीफन्स यांनी मराठीत जवळपास अकरा हजार ओव्या रचल्या. १६१६ साली ते पुराण रायतूरला रोमन लिपीत छापले गेले. भाषा मराठी आणि अक्षरे रोमन, असा तो ग्रंथ. नागरी लिपीत तो सर्वांच्या हाती यायला १९५६ साल उजाडले. शांताराम बंडेलू यांनी ती आवृत्ती सिद्ध केली.

मला या हकीकतीत महत्त्वाचा वाटतो तो विचारणारा माणूस. तो पाठांतर म्हणून दाखवत नाही, तक्रार करतो. आणि गुरू त्याला खाली बसवत नाहीत.

आपल्या उत्तर कोकणाच्या वाट्याला वेगळे पुराण आले. फ्रान्सिस्को व्हाझ दि गिमाराइश यांचे ख्रिस्ताच्या दुःखसहनावरचे काव्य १६५९ साली छापले गेले. त्याची भाषा किनाऱ्यावरच्या बोलीला जवळची होती. एकोणिसाव्या शतकात मुंबईत त्याच्या पुन्हा आवृत्त्या निघाल्या, यावरून ते किती घरांत म्हटले जात असेल याची कल्पना यावी. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, पोर्तुगीज पाद्री निघून गेले, थोडे देशी धर्मगुरू उरले. गावे मोठी आणि फादर मोजके, अशा काळात जे टिकले ते घरातल्या पाठांतरावर टिकले. जपमाळ, क्रुसाची वाट, दहा आज्ञा. आजीने नातीला द्यायचे आणि नातीने पुढे.

पाठांतराने धर्म जगवला, हे मी कमी लेखत नाही. पण त्यात एक गोष्ट हळूहळू घडून गेली. धर्मशिक्षण मुलांचे झाले. सातव्या-आठव्या वर्षी पहिल्या कम्युनियनच्या आधी प्रश्नोत्तरे घोकायची, पुढे दृढीकरणाच्या वेळी थोडी उजळणी, आणि संपले. मिस्सा लॅटिनमध्ये, धर्मगुरूंची पाठ लोकांकडे. मिस्सा चालू असताना बायका आपापली जपमाळ ओढीत. बायबल घरात नसेच. म्हणजे आठव्या वर्षी जे उत्तर मिळाले तेच पंचेचाळिसाव्या वर्षीही. लग्न झाले, मुले झाली, काही दगावली, जमिनीवरून भाऊ भाऊ कोर्टात उभे राहिले, आणि या सगळ्याला पुरवायचे ते आठ वर्षांच्या मुलाला दिलेले उत्तर.

बदल आला तो व्हॅटिकनच्या दुसऱ्या महासभेने. १९६२ ते १९६५ अशी ती चालली. उपासनेविषयीचा दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ रोजी २१४७ विरुद्ध ४ मतांनी संमत झाला आणि लोकभाषेला दार उघडले. १८ नोव्हेंबर १९६५च्या दुसऱ्या दस्तऐवजाने पवित्र शास्त्र सर्व भाविकांच्या हाती जावे असे म्हटले. मधल्या काळात, १९६४च्या डिसेंबरात, आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषदेसाठी पोप सहावे पॉल मुंबईला आले. वसईहून पहाटेच्या लोकलने माणसे ओव्हल मैदानावर गेली. माझे वडील गेले होते. पोप केवढे दिसले असे विचारले की ते करंगळीचे टोक दाखवीत.

साठच्या दशकाच्या उत्तरार्धात मराठी मिस्सा रुळली. सगळ्यांना आनंद झाला असे मानण्याचे कारण नाही. माझी आजी म्हणायची, "आता सगळं कळतं, म्हणून घाबरायला होतं." शिवाय मराठी म्हणजे पुस्तकी मराठी. घरात कादोडी किंवा वाडवळी बोलणाऱ्या बाईला 'प्रायश्चित्त' आणि 'तारण' हे शब्द लॅटिनपेक्षा फार जवळचे नव्हते. भाषा बदलली म्हणून समजूत आपोआप येत नाही, हे पहिल्या दोनतीन वर्षांतच ध्यानात आले असावे. रोमहून १९७१ साली धर्मशिक्षणाची मार्गदर्शिका निघाली. तिने प्रौढांचे धर्मशिक्षण हेच धर्मशिक्षणाचे मुख्य रूप मानले. बंगळुरूला १९६७ साली फादर अमलोर्पवदास यांच्या पुढाकाराने बायबल, धर्मशिक्षण आणि उपासना यांचे राष्ट्रीय केंद्र उभे राहिले होते. आपल्या धर्मग्रामात आलेले तरुण साहाय्यक धर्मगुरू तिथे काही महिने शिकून आले होते. मी आठवीत होतो तेव्हा त्यांनी बुधवारचा वर्ग सुरू केला. चर्चमध्ये नको, शाळेत हवा, हा त्यांचाच हट्ट. चर्चमध्ये लोक गप्प बसतात, असे ते म्हणत.

वेळ रात्री आठची ठरली, कारण त्याआधी कुणाला सवड नसे. भाजीच्या टोपल्या घेऊन पहाटेच्या गाडीने दादरला जाणाऱ्या बायका दुपारी परतत. मग वाडीला पाणी, मग स्वयंपाक. पुरुषांपैकी निम्मे मुंबईला नोकरीला. पहिल्या बुधवारी सतरा-अठरा माणसे होती, असे आई सांगायची, पावसाळ्यात सहा. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी फादर आधी अर्धा तास अक्षरे गिरवून घेत. आई तिथेच वाचायला शिकली. पुढे तिच्या मैत्रिणींपैकी एक वेदीपाशी उभी राहून रविवारचे पहिले वाचन करू लागली तेव्हा काही जुन्या मंडळींनी नाके मुरडली. (बायकांनी वाचनसेवा करण्याला रीतसर मान्यता पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली दिली. आपल्या गावातल्या बायका तोवर म्हाताऱ्या झाल्या होत्या.)

वर्गाची रीत साधी होती. शुभवर्तमानाचा एक उतारा वाचायचा, मग फादर तो बोलीत सांगायला लावत. सांगता सांगता माणसे अडत, आणि अडली की प्रश्न येत. मी बॅटरी घेऊन आईला न्यायला जायचो आणि व्हरांड्यात थांबायचो. बाहेर सगळे ऐकू यायचे. उधळ्या पुत्राच्या दाखल्यावर एक रात्र चक्क भांडण झाले. थोरल्या भावावर अन्याय झाला, वाडी त्यानेच राखली, असे अर्ध्या वर्गाचे म्हणणे होते. त्या अर्ध्या वर्गात सगळे थोरले होते.

एका बुधवारी आईने प्रश्न विचारला. तो मी इथे लिहितो आहे कारण ती आता नाही, आणि लिहायला तिची हरकत नसती.

माझ्याआधी तिला एक मुलगा झाला होता. घरीच. सुईणींना तेव्हा स्नानसंस्काराचे शब्द पाठ असत. बाळ जगण्यासारखे नसले तर पाणी घालून ते म्हणायचे, कुणीही म्हटले तरी चालते. पण सुईण पोचली तेव्हा उशीर झाला होता. १९१७च्या धर्मसंहितेप्रमाणे स्नानसंस्कार न झालेल्या बाळाला आशीर्वादित दफनभूमीत जागा नव्हती. त्या वेळच्या धर्मगुरूंना दोष देण्यात अर्थ नाही, नियमच तसा होता. वडिलांनी बाळाला बावखलाच्या काठी, उंडीच्या झाडाखाली ठेवले. आणि आईला तिच्या आठव्या वर्षीचे उत्तर पाठ होते: अशी बाळे लिंबोत जातात. तिथे दुःख नसते, पण देवाचे दर्शनही नसते. म्हणजे ती स्वतः स्वर्गात गेली तरी तिथे तो नसणार. हे गणित तिने वीस वर्षे मनात ठेवले होते. घरात कधी काढले नाही. मला एक भाऊ होता हेही मी त्या रात्री व्हरांड्यात ऐकले.

ती म्हणाली, "फादर, बाळानं काय केलं होतं?"

वर्गात बराच वेळ कुणी बोलले नाही. मग फादर म्हणाले, "मला आठ दिवस द्या. मला वाचावं लागेल."

पुढच्या बुधवारी फळ्यावर त्यांनी फारसे लिहिले नाही. सांगितले ते असे: लिंबो हे ईशशास्त्रज्ञांनी काढलेले अनुमान आहे, ख्रिस्तसभेने ते श्रद्धेचे तत्त्व म्हणून कधी जाहीर केलेले नाही. १९६९च्या नव्या अंत्यविधीत, ज्या आईबापांना बाळाचा स्नानसंस्कार करायचा होता पण वेळ मिळाला नाही, अशा बाळांसाठी प्रार्थना दिल्या आहेत. देव संस्कारांतून काम करतो, पण तो संस्कारांनी बांधलेला नाही. मग त्यांनी आईला विचारले, "नाव काय ठेवणार होता तुम्ही त्याचं?" तिने सांगितले. ते नाव इथे लिहीत नाही. रविवारी मिस्सेनंतर वर्गातली मंडळी बावखलावर आली, फादरांनी प्रार्थना म्हटली, आणि आईने सगळ्यांना चहा दिला. वडील झाडाला टेकून उभे होते. त्यांनी चहा घेतला नाही.

पुढची हकीकत थोडक्यात. ते फादर बदलून गेले. नवे आले त्यांना जपमाळेची आवड, वर्ग दोन वर्षे बंद पडला, मग पुन्हा सुरू झाला. ऐंशीच्या दशकात मुंबई धर्मप्रांतात लघु ख्रिस्ती समूह आले, आणि तिसरीच्या वर्गातला बुधवार आळीआळीतल्या ओटीवर गेला. नव्वदीत माणसे केरळात पोट्ट्याला रिट्रीटसाठी गाड्या भरून जाऊ लागली. परत आलेल्यांच्या प्रार्थनेचा आवाज वाढला, प्रश्न मात्र कमी झाले, असे माझे मत आहे, आणि ते अनेकांना पटणार नाही. १९९८ साली वसई वेगळा धर्मप्रांत झाला. 'सुवार्ता' मासिकाने या सगळ्या काळात घरबसल्या शिकण्याची सोय केली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी संपादक म्हणून त्यात धर्माबरोबर पाणी आणि जमीनही आणली. त्यांचे 'सुबोध बायबल' २०१० साली आले तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो 'तारण' शब्दावर अडणाऱ्या त्या बायकांचा. त्यांतल्या तिघीच तेव्हा हयात होत्या.

त्याआधी २००७ साली, एप्रिलमध्ये, रोमच्या आंतरराष्ट्रीय ईशशास्त्रीय आयोगाचा एक दस्तऐवज प्रसिद्ध झाला. विषय हाच होता, स्नानसंस्काराविना मरण पावलेल्या बाळांच्या तारणाची आशा. लिंबोची कल्पना तारणाकडे फार संकुचितपणे पाहते आणि अशा बाळांविषयी आशा बाळगायला भक्कम आधार आहेत, असा त्याचा आशय. बातमी वर्तमानपत्रात आली होती. आई ओटीवर वाल सोलत बसली होती. मी तिला ती वाचून दाखवली आणि आयोगाने त्यावर काही वर्षे काम केले, पोपनी मंजुरी दिली, हेही सांगितले.

तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "एवढा वेळ लागला होय त्यांना? आपल्या फादरांनी आठ दिवसांत सांगितलेलं."