पिकल्या केसांचा अपराधी

अपराधी म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर कोणी तरणाताठा माणूस उभा राहतो. पिकल्या केसांचा मनुष्य सहसा येत नाही. कायद्याला हा भेद मान्य नाही. 1860 च्या दंडसंहितेने सात वर्षांखालील बालकाचे कृत्य अपराध मानले नव्हते, आणि 2024 मध्ये तिच्या जागी आलेल्या न्यायसंहितेनेही तीच मर्यादा ठेवली आहे. वरच्या टोकाला मात्र अशी मर्यादा पूर्वीही नव्हती आणि आजही नाही.

आमच्या भोपाळने या नियमाचा एक निराळाच अनुभव घेतला. 2 डिसेंबर 1984 च्या मध्यरात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. सरकारने मृतांचा आकडा 3,787 मानला. पीडितांच्या संघटना तो कितीतरी मोठा सांगतात. अमेरिकेतील मूळ कंपनीचे अध्यक्ष वॉरन अँडरसन तेव्हा 63 वर्षांचे होते, आणि भारतीय कंपनीचे अध्यक्ष केशुब महिंद्र 61 वर्षांचे. अँडरसन यांना 7 डिसेंबरला येथे अटक झाली, त्याच दिवशी जामीन मिळाला, आणि ते गेले ते गेलेच. 1992 साली न्यायालयाने त्यांना फरारी घोषित केले.

उरलेल्यांवरील खटला रखडत राहिला. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाचा आरोप उतरवून तो हयगयीने मृत्यू घडविण्याचा केला. या अपराधाला जास्तीत जास्त शिक्षा दोन वर्षांची. रस्त्यावर निष्काळजीपणे मोटार हाकून एखाद्याचा जीव घेणाऱ्यालाही हेच कलम लागत असे! अखेर 7 जून 2010 रोजी भोपाळच्या न्यायालयाने सात जणांना दोन वर्षांची शिक्षा सुनावली. आठवा आरोपी निकालापूर्वीच वारला होता. दोषी ठरलेल्यांना त्याच दिवशी जामीन मिळाला. पुढे त्यांनी अपिले केली.

पेशाने शिक्षक असल्यामुळे म्हणा, मला येथे वजाबाकी केल्याशिवाय राहवत नाही. महिंद्र त्या दिवशी 86 वर्षांचे होते. छ्याऐंशीतून एकसष्ट गेले, उरली पंचवीस. एवढ्या वयाच्या माणसाला तुरुंगात धाडू नये, असे म्हणणाऱ्याचे मन मला कळते. परंतु ही पंचवीस वर्षे कोणाच्या पदरात पडली? ज्यांनी त्या रात्री आपली मुले गमावली, त्या आयाही तेवढ्याच म्हाताऱ्या झाल्या होत्या, आणि त्यांच्या वयाची दखल कोणत्याही कलमात नव्हती.

अँडरसन 2014 साली फ्लोरिडात 92 व्या वर्षी वारले, महिंद्र 2023 साली 99 व्या वर्षी. दोघांनाही या शिक्षेपायी तुरुंगात जावे लागले नाही.